वाळवणीच्या जागेवरचा प्लॉट नंबर अकरा

मी, जनार्दन पोशा मर्दे, वय वर्षे त्रेसष्ट, पूर्वीचा धंदा सरकारी भूमापक, सध्याचा धंदा पेन्शन घेणे व सरकारवर टीका करणे, राहणार प्लॉट नंबर अकरा, सागरसौरभ सहकारी गृहनिर्माण संस्था, डहाणू, तालुका डहाणू, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हा कागद वाचून माझे चिरंजीव पहिली शंका तीच घेतील. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही. नोकरीत अडतीस वर्षे जे लिहिले ते बहुतेक दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिले. हा एक कागद तेवढा माझ्या मनाने लिहीत आहे, त्यामुळे अक्षर थोडे बिघडले असल्यास समजून घ्यावे.

कलम १. सन १९९२ मध्ये ठाण्याच्या वकिलांकडून टाईप करून घेतलेले माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात 'माझी स्वकष्टार्जित मिळकत' हे शब्द नऊ वेळा आले होते. वकिलांनी सवयीने लिहिले आणि मी सवयीने सही केली. मिळकत कशी अर्जित झाली व त्यात कष्ट कोणाचे, याचा खुलासा कलम ७ मध्ये केला आहे.

कलम २. माझे दहन खाडीकाठी, खारआळीच्या जुन्या जागी करावे. खारआळी म्हणजे आमची मच्छीमारांची वस्ती. मी तिथे जन्मलो, हे सोसायटीत फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे ते सभ्यपणे विसरतात. मला टाइल्स लावलेल्या नव्या स्मशानात नेऊ नये. तिथल्या बाकांवर देणगीदारांची नावे हुद्द्यासकट कोरली आहेत. कोण कोणत्या पगारश्रेणीत होता ते मी नोकरीभर पाहिले, आता पुरे.

कलम ३. बँकेतली व पोस्टातली सगळी शिल्लक माझा मुलगा चि. समर्थ यास मिळावी. आकडा लिहीत नाही. त्याला तो माझ्यापेक्षा अचूक ठाऊक आहे. समर्थ बोरिवलीस राहतो, इंजिनिअर आहे, स्वभावाने वाईट नाही. त्याच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत, एक माणसांची आणि एक त्या माणसांच्या घरी काम करणाऱ्यांची. गेल्या दिवाळीत मी कंदिलाचा खोका आणि चिकूची पाटी घेऊन पहिलीत शिरलो, तर वॉचमनने विचारले, "बाबा, किसके घर काम करते हो?" समर्थला सांगितले, तर तो म्हणाला, "पप्पा, सेफ्टीसाठी असतं ते." माझ्यापासून कोणाला सेफ्टी हवी होती ते त्याने सांगितले नाही. चिकू मात्र सगळ्यांनी खाल्ले.

पैशाबरोबर त्याला एक सूचनाही देऊन ठेवतो. डहाणूचे घर विकण्यासाठी त्याने ज्या बिल्डरशी बोलणे लावले आहे, त्याला नमस्कार कळवावा. घर त्याला मिळणार नाही.

कलम ४. माझी मोजणीची साखळी, प्लेनटेबल, तिवई, पितळी पट्टी आणि रंगपेटी श्रीमती मुक्ता चुरी यांना द्यावी. मुक्ताबाई बोर्डीच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, माझी कै. पत्नी लतिका हिची मैत्रीण. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्याच करतील, कारण माझ्या ओळखीत खडसावून बोलू शकणारी व्यक्ती आता तेवढीच उरली आहे. साखळीने मुलांना भूमिती शिकवावी. रंगपेटी शिकवताना मात्र जपून.

कारण सांगतो. बरेच लोक मला विचारीत, साहेब, गाव वाढले की पैसेवाले एका बाजूला आणि बिनपैशाचे दुसऱ्या बाजूला, हे आपोआप कसे होते? मी चेहरा गंभीर करून म्हणत असे, ज्याचे त्याचे नशीब. नशीब या पेटीत होते. पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, निळा दुकानांचा, हिरवा बागेचा. आणि ज्या जागेला रंगच लावलेला नाही, तिथे माणसे आधीपासून राहत असतात पण त्यांच्याकडे कागद नसतो. पिवळ्या रंगात बारीक अक्षरात 'प्लॉट किमान पाच गुंठे' एवढे लिहिले की काम झाले. ज्याची ऐपत दीड गुंठ्याची आहे, त्याला कोणी हाकलत नाही, कोणी शिवी देत नाही, तो आपल्या पायाने निघून जातो. घराचे कर्ज पगारपत्रक पाहून मिळते आणि होडीला पगारपत्रक नसते. पाण्याची नळी कुठे थांबणार तेही पेन्सिलच ठरवते. आमची सहा इंची नळी सोसायटीच्या फाटकापाशी थांबते; पुढे खारआळीत ती का गेली नाही याचे तांत्रिक कारण मी स्वतः लिहिले होते. ते आता मलाच आठवत नाही, पण फार पटण्यासारखे होते.

कलम ५. शुक्री लाहू वरठा, राहणार तलासरीपलीकडचा पाडा, हिला लतिकाचे शिलाई मशीन, स्वयंपाकघरातली सगळी भांडी आणि लाकडी कपाट द्यावे. कपाट टेम्पोने पोचवावे. तिला 'घेऊन जा' म्हणून सांगू नये.

शुक्री आमच्याकडे आठ वर्षे भांडी घासते. त्याआधी तिने याच घराच्या विटा वाहिल्या. सोसायटी बांधली जात होती तेव्हा मजुरांची खोपटी प्लॉट नंबर चौदाच्या मागे होती. पोरे तिथेच खेळत, शुक्री सकाळी पाच मिनिटांत कामावर येई. घरे झाली, आम्ही राहायला आलो, आणि सर्वसाधारण सभेचा पहिला ठराव झाला की खोपटी हलवावीत. दुसरा ठराव, घरकामाला बायका मिळत नाहीत यावर विचार करावा. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. खोपटीवाली माणसे जिथे जागा परवडली तिथे गेली, म्हणजे तलासरीपलीकडे. तेव्हापासून शुक्री पहाटेची एसटी पकडते, आणि अध्यक्ष तिच्या नावापुढे 'वेळ पाळत नाही' असे वहीत लिहितात. ती एकदा मला म्हणाली होती, "साहेब, मी सावकाश नाय येत. बस सावकाश येते." तिची निम्मी कमाई तिकिटात जाते आणि निम्मा दिवस रस्त्यात. त्यानंतर संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात बसून ही माणसे पुढे का येत नाहीत यावर चर्चा करतो. पुढे येतात की. रोज पहाटे येतात.

कलम ६. जुने हिशेब चुकते करण्याबाबत.

(अ) संस्थेचे अध्यक्ष श्री. सुदर्शन प्रधान, निवृत्त उपअभियंता, यांना संस्थेच्या उपविधी क्रमांक सत्तावीसची मूळ टाईप प्रत फ्रेम करून द्यावी. त्यात म्हटले आहे, 'कोणताही सभासद आपल्या आवारात मासळी अथवा तत्सम दुर्गंधीयुक्त वस्तू वाळत घालणार नाही. घातल्यास दररोज दंडास पात्र राहील.' मसुदा माझा. टाईप मी केले. मी आठ वर्षे या संस्थेचा सचिव होतो... चूक, सहा वर्षे, आठ वाटली. 'तत्सम' हा शब्दही माझाच, आणि सभेत त्याचे कौतुक झाले होते. प्रधानसाहेब म्हणाले होते, "मर्दे, तुमच्या भाषेत वजन आहे."

(ब) प्लॉट नंबर बाराच्या हंसाबेन यांना अगरबत्तीचे पाच डझन पुडे द्यावेत. हा उपविधी त्यांच्या आग्रहावरून झाला. वारा खारआळीकडून आला की त्या कुंपणापाशी येऊन म्हणत, "मर्देभाई, दरिया पाहिजे, दरियाचा वास नको हो. आमच्या घरी अगरबत्ती पण हारी जाते." बाई प्रेमळ आहेत. लतिकाच्या आजारपणात रोज खिचडी पाठवायच्या, हे मी विसरलेलो नाही. पण ज्या संस्थेचे नाव सागरसौरभ आहे, तिने सागराचे सौरभ दंडनीय ठरवावे, यावर त्यांना किंवा मला कधी हसू आले नाही. आज येते आहे.

कलम ७. प्लॉट नंबर अकरा व त्यावरचे घर.

हे घर, आवार, नारळाची चार झाडे व विहीर माझी धाकटी बहीण हिरू हिला मिळावी. हिरू विधवा आहे, खारआळीत राहते, बोंबील वाळवते आणि डहाणूच्या बाजारात विकते. ती यावर हक्क सांगणार नाही, म्हणून हक्क कसा आहे ते मीच सांगतो. वाचणाऱ्याने घाई करू नये, मी तेरा वर्षे थांबलो आहे.

जुलै १९८३. गावाचा विकास आराखडा करायचा हुकूम आला, तोही ऑगस्टअखेर. पावसाळ्यात मोजणी करीत नाहीत हे आमच्या कार्यालयातला शिपाईसुद्धा सांगू शकला असता, पण शिपायाला विचारण्याची पद्धत नव्हती. दोन छत्र्या, ताडपत्रीखाली प्लेनटेबल, आणि आम्ही चिखलात. खारआळीच्या पाठीमागे एक मोठा उघडा तुकडा होता. आळीतल्या बायका आश्विनापासून तिथे बांबू रोवायच्या, त्यावर दोऱ्या ताणून बोंबील टांगायच्या. त्या बांबूंच्या मांडणीला वलांडी म्हणतात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, मासळी नाही, मग वलांडीही नाही. बांबू काढून घरात ठेवतात आणि जागेवर गुडघाभर गवत वाढते. जो या गावचा आहे त्याला हे सांगावे लागत नाही. मी तर त्याच जागेवर, आईने पसरलेल्या सुकटीतले कावळे हाकलत लहानाचा मोठा झालो.

आमचे वरिष्ठ बदली होऊन नवे आले होते. आल्या दिवशीच जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नाक वर करून विचारले होते, "कोणाच्या डब्यात समुद्र आहे?" सगळे हसले. डबा माझा होता. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी नेऊ लागलो. मोजणीच्या दिवशी चिखलात उभे राहून त्यांनी त्या तुकड्याकडे बोट केले आणि म्हणाले, "मर्दे, इथं काय होतं?"

एक वाक्य पुरले असते. साहेब, आता नाही, पण पावसाळ्यानंतर इथे मासळी वाळवतात. पण मग त्यांनी विचारले असते, तुम्हाला कसे माहीत? म्हणून मी म्हणालो, "काही नाही साहेब. पडीक आहे." आणि नकाशावर, ज्या अक्षरासाठी मला दोनदा बक्षीस मिळाले होते त्या अक्षरात, 'पडीक' असे लिहिले.

कुंपणानेच शेत खाल्ले ते असे. यात कोणी लाच घेतली नाही, कोणी गुंड आणले नाहीत. एका माणसाला आपल्या डब्याची लाज वाटली, एवढेच कारण.

पडीक जागेवर आधी बाग आली, कागदावर. पुढे बागेची गरज नाही असे ठरले आणि जागा घर नसलेल्या सरकारी नोकरांच्या संस्थेला मिळाली. मी सरकारी नोकर होतो आणि खारआळीतले घर सांगत नव्हतो, त्यामुळे मलाही घर नव्हते. प्लॉट नंबर अकरा मला चिठ्ठीत निघाला. गरिबांचा विसर पडला असे कोणी म्हणू नये; नाल्याकडेला अल्प उत्पन्न गटासाठी दहा लहान प्लॉट राखले होते. अर्जासोबत उत्पन्न कमी असल्याचा दाखला हवा होता. तो दाखला मिळवायला जेवढे हेलपाटे घालावे लागत, तेवढे दिवस काम बुडवण्याइतकी खारआळीत कोणाची श्रीमंती नव्हती. पात्र अर्जदार नाहीत अशी नोंद झाली. आता तिथे बॅडमिंटनचे कोर्ट आहे. मी दोनदा खेळलो, पाठ दुखते.

वाळवणीच्या बदली खारआळीतल्या चौदा कुटुंबांना तलासरीच्या बाजूला जागा दाखवण्यात आली. जागा छान होती. सपाट, कोरडी, भरपूर ऊन. फक्त समुद्र तासाभराच्या एसटीवर होता. हिरू एकदा बोंबलांची पाटी घेऊन त्या बसमध्ये चढली. कंडक्टरने तिला पुढच्या थांब्यावर उतरवले. तेव्हापासून ती खाडीच्या बंधाऱ्यावर, डांबरी रस्त्याच्या कडेला मासळी वाळवते. ट्रक जातात, धूळ बसते, वाळू लागते, आणि बाजारात गिऱ्हाईक बोंबील तोडून बघते व म्हणते, "कचकच लागते गं." मग पोलीस येऊन रस्ता मोकळा करायला सांगतात. तेही बरोबरच, रस्ता नकाशात चाळीस फुटी आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला तीन दिवस लागले. आराखड्यावर हरकती घ्यायला एक महिना दिला होता. कार्यालयाच्या फळ्यावर नोटीस लावली होती, इंग्रजीत व शुद्ध मराठीत. त्या महिन्यात आळीतले पुरुष समुद्रावर होते. मी आळीतल्या घरी गेलो, तेव्हा हिरूने मला गाठले. म्हणाली, "दादा, सगळ्या बाया अंगठे देतात. तू अर्ज तेवढा लिहून दे. तुला भाषा येते." मी म्हणालो, "लिहितो." चार वेळा तिने विचारले, चार वेळा मी लिहितो म्हणालो. मुदत संपल्यावर मी अर्ज लिहिला. अतिशय सुंदर अर्ज झाला. वरातीमागून घोडे निघाले, पण घोडे देखणे होते. 'मुदतबाह्य' असा शेरा मारून मीच तो फाईलला लावला.

मला याची लाज वाटते. हे वाक्य विनोदाने लिहिलेले नाही.

आता कायद्याचे. प्रधानसाहेब म्हणतील की सभासदाला ठरावीक मासिक उत्पन्न व त्याचे पगारपत्रक लागते, आणि हिरूबाईंकडे ते नाही. त्यांनी उपविधी क्रमांक नऊ पाहावा. मृत सभासदाने मृत्युपत्राने नेमलेल्या वारसाला उत्पन्नाची अट लागू नाही. ही तरतूद प्रधानसाहेबांच्याच आग्रहावरून घातली होती, कारण त्यांचा मुलगा तेव्हा बी.कॉम.ला तिसऱ्यांदा बसत होता. एका बेकारासाठी उघडलेल्या दारातून दुसरे कोणी आत येईल हे त्यांना सुचले नाही. मला सुचले होते की नाही, हे माझ्याबरोबर जाऊ द्यावे.

हिरूवर कोणतीही अट नाही. तिने इथे राहावे, न राहावे, व्हरांड्यात जाळी विणावी. समर्थने कोर्टात जाऊ नये. गेलाच तर न्यायाधीशांपुढे हे कलम मोठ्याने वाचले जाईल एवढे ध्यानात ठेवावे.

कलम ८. येथपर्यंत मजकूर पुरा झाल्यावर मी थांबायला हवे होते. पण ज्याच्या नावे द्यायचे त्याला एकदा वाचून दाखवावे असे मुक्ताबाई म्हणाल्या, म्हणून रविवार दिनांक २४ नोव्हेंबर रोजी सकाळी मी हा कागद घेऊन बंधाऱ्यावर गेलो. हिरू उकिडवी बसून बोंबील पालटत होती. मी म्हणालो, तुझ्यासाठी काही लिहिले आहे. मनात असे होते की तिचे डोळे भरून येतील. माझे तर जातानाच भरले होते.

"वाच," ती म्हणाली. "पन मोठ्यानं वाच, ट्रक जातात."

मी पहिल्यापासून वाचले. लिफ्टच्या गोष्टीला ती हसली. 'पडीक' या शब्दाशी माझा आवाज खाली गेला. ती म्हणाली, "काय? परत सांग."

"पडीक," मी म्हणालो, आणि पुढचे अर्जापर्यंत वाचले.

तिने एक अख्खी रांग पालटली. मग म्हणाली, "अर्जाचं मना ठावं होतं."

"कसं?"

"त्या म्हैन्यात तू चार वेळा घरी आलास, आन् चारी वेळा आयच्या फोटोकडं बघून बोललास. माझ्याकडं नाय बघितलंस." पुढचा बोंबील पालटत ती म्हणाली, "पडीकचं ठावं नव्हतं."

तेरा वर्षे तिला ठाऊक होते. आणि या तेरा वर्षांत नारळीपौर्णिमेनंतरच्या पहिल्या मासळीचा वाटा तिने मला एकदाही चुकवला नाही. ती पिशवी घेऊन यायची, आणि मी शेजारी बघतील म्हणून तिला मागच्या दाराने बोलवायचो. ती मागच्या दाराने यायची. तिने हाताने खूण केली, तेव्हा घराचे कलम शेवटपर्यंत वाचले. विहीर, नारळ, उपविधी क्रमांक नऊ, सगळे.

वाचून झाले. तिने हात पदराला पुसले आणि विचारले, "म्हंजे घर माझं कधी होईल?"

"मी गेल्यावर."

"तू कधी जाशील?"

मी म्हणालो, "डॉक्टर सांगतात, अजून दहा वर्षं तरी काळजी नाही."

"मग तवर मी बोंबील कुठं वाळवू?"

तिने हे टोचून विचारले नाही. तिला खरोखर जागा हवी होती. एक ट्रक गेला, धूळ आली, तिने तोंडावर पदर धरला, आणि मी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. धुळीसाठी लावला. पण तिने पाहिले, आणि मीही पाहिले.

कलम ९. वरील प्रश्नाला उत्तर होते, आणि घर बांधल्या दिवसापासून ते माझ्याच आवारात होते. फाटक उघडायला मृत्युपत्र लागत नाही. मेल्यावर दान करण्यात मोठी सोय असते, देणाऱ्याला शेजाऱ्यांची तोंडे बघावी लागत नाहीत. आयुष्यभर नकाशावर दुसऱ्यांना लांब ठेवले, आणि शेवटी बहिणीलाही दहा वर्षे लांबची जागा दाखवत होतो. तलासरीपेक्षाही लांबची.

सबब मी असे ठरवले आहे व तशी कृतीही केली आहे की, सोमवार दिनांक २५ नोव्हेंबरपासून प्लॉट नंबर अकराच्या पुढच्या आवारात, रस्त्याच्या बाजूला, हिरूने मासळी वाळवावी. खारआळीचा नारू, होडीवरचा तांडेल, याने सोमवारी बांबू रोवून दोऱ्या ताणून दिल्या. दोन दिवस त्या दोऱ्या रिकाम्याच होत्या. हिरू आली नाही. हंसाबेननी विचारले, "मर्देभाई, मंडप कशाचा? लग्न आहे का घरी?" मी विहिरीकडे निघून गेलो, कारण हिरू येईल की नाही हे मलाही माहीत नव्हते, आणि न येण्याचा तिला पुरा हक्क होता. बुधवारी सकाळी ती दोन पाट्या घेऊन आली. पुढच्या फाटकातून आली. माझ्याशी बोलली नाही, दोऱ्या ओढून पाहिल्या, एक सैल होती ती घट्ट केली आणि टांगायला लागली.

दुपारी संस्थेची नोटीस आली. उपविधी सत्तावीस, दररोज दंड, भाषेत वजन. दंड मी हयात असेपर्यंत माझ्या पेन्शनमधून जाईल. समर्थचा फोन आला की तुम्ही डोक्यावर परिणाम करून घेतला आहे. त्याला डॉक्टरांच्या दाखल्याची तारीख वाचून दाखवली.

'माझ्या हयातीत' हे शब्द मृत्युपत्रात बसत नाहीत असे वकील म्हणतात. त्यांनी ते इथे बसलेले पाहावेत. बाकीची कलमे माझ्या पश्चात लागू होतील. हे कलम लागू झाले आहे.

लिहून देणार: जनार्दन पोशा मर्दे (सही)

स्थळ: प्लॉट नंबर अकराचे पुढचे आवार, डहाणू
दिनांक: २८ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

साक्षीदारांचे म्हणणे: श्री. मर्दे यांनी संपूर्ण मजकूर आम्हांस वाचून दाखवला व आम्हां दोघांच्या देखत, एकाच वेळी, अंगणात वलांडीजवळ खुर्ची टाकून सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते. मध्ये एकदा त्यांना थांबावे लागले, ते प्रकृतीमुळे नव्हे.

१. मुक्ता रघुनाथ चुरी, निवृत्त शिक्षिका, बोर्डी (सही)
२. नारू गोविंद आक्रे, तांडेल, खारआळी, डहाणू (सही)

श्रीमती हिरू या वेळी हजर होत्या. मजकूर मान्य असल्याची खूण म्हणून त्यांनी शेवटी अंगठा द्यावा, अशी श्री. मर्दे यांनी विनंती केली. त्यांनी मागे वळून न बघता सांगितले की आता जमणार नाही, हात ओले आहेत.